मुक्त प्रणाली आणि बंद फर्मवेअर : एक चिकित्सा

लिनक्सवर लॅपटॉपचे वाय-फाय चालले नाही की दोष मुक्त प्रणालीच्या माथी मारला जातो. हे निदान अपुरे आहे. ब्रॉडकॉमच्या चिप्सचे उदाहरण या दृष्टीने बोलके ठरते. कंपनीने तांत्रिक तपशील न दिल्याने स्वयंसेवी विकासकांनी चिपच्या वर्तनाचा उलट शोध घेऊन ड्रायव्हर लिहिला. तो २००६ मध्ये लिनक्स कर्नलच्या २.६.१७ या आवृत्तीत समाविष्ट झाला. २०१० मध्ये कंपनीने काही नव्या चिप्ससाठी स्वतः मुक्त ड्रायव्हर दिला. परंतु प्रत्यक्ष चिपवर चालणारे फर्मवेअर बंदच राहिले. त्यामुळे ड्रायव्हर असूनही फर्मवेअरची फाइल नसेल, तर जोडणी होत नाही. कर्नलच्या नोंदी तसे स्पष्ट सांगतात. मात्र त्या वाचण्याऐवजी प्रणालीच पुन्हा स्थापित केली जाते.

२०२२ च्या मतदानानंतर डेबियनने २०२३ मधील बाराव्या आवृत्तीपासून असे फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेतले. सोय झाली, हे मान्य करावे लागेल. तथापि जी फाइल वाटता येते, पण अभ्यासता वा दुरुस्त करता येत नाही, तिला मुक्त म्हणता येणार नाही. म्हणून संगणकशास्त्राच्या अध्यापनात केवळ आज्ञा पाठ न करून घेता दोष ड्रायव्हरचा की फर्मवेअरचा, आणि त्याचे उत्तरदायित्व कोणाचे, हा विवेक शिकविणे अगत्याचे आहे.