ताडमाडांचा ग्रंथ आणि शाळेतला वर्ग

मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील वनस्पतिशास्त्रज्ञ एथेलबर्ट ब्लॅटर यांचा ब्रिटिश हिंदुस्थान व सिलोनमधील ताडवृक्षांवरचा इंग्रजी ग्रंथ १९२६ साली प्रसिद्ध झाला. देशी झाडांबरोबर बाहेरून आणलेल्या झाडांचीही माहिती आणि त्यांचे उपयोग त्यात आहेत. संदर्भग्रंथ म्हणून त्याचे मोल मोठे आहे.

शिक्षकाची अडचण होते ती मांडणीत. झाडे शास्त्रीय गटांनुसार दिली आहेत. गट ठरवायला फुलाफळांचे बारकावे लागतात, आणि ती असतात उंच शेंड्याला. झावळ्या मात्र खाली गळून पडतात. म्हणून महाराष्ट्रात नेहमी दिसणाऱ्या पाच झाडांची ओळख पानापासून करून द्यावी.

पान पंख्यासारखे असेल तर ताड. पिसासारखे असेल तर पर्णिकेची घडी पाहावी. घडी पन्हळीसारखी वर उघडी आणि देठाकडे काटे असतील तर शिंदी; कौलासारखी पालथी असेल तर नारळ किंवा पोफळ. पोफळीच्या शेंड्याखाली गुळगुळीत हिरवी नळी असते, नारळाला ती नसते. पान दोनदा विभागलेले आणि पर्णिका माशाच्या शेपटीसारखी असेल तर भेरली माड.

ही ओळख परीक्षेपुरती नाही. शिंदीची फळे मुले आवडीने खातात. बागेत शोभेसाठी लावलेल्या भेरली माडाच्या फळांत मात्र कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. हातातोंडाला त्यांची आग होते.

ब्लॅटर यांच्या ग्रंथाला पानापासून सुरू होणाऱ्या मराठी पुस्तिकेची जोड हवी. तोवर गळलेली झावळी वर्गात आणावी.