‘अवक्षेप’ आणि ‘साका’: एक शब्दविचार

अकार्बनी गुणात्मक विश्लेषणावरील मराठी लेखनात ‘अवक्षेप’ या संज्ञेपुढे ‘न विरघळणारा साका’ असा खुलासा जोडण्याचा प्रघात आहे. खुलासा सुबोध खरा. परंतु तो अचूक आहे काय? ‘साका’ म्हणजे तळाशी बसलेला गाळ; मग तो गढूळ पाण्याचा का असेना. सिल्व्हर नायट्रेटाच्या विद्रावात विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालताच सिल्व्हर क्लोराइड फुटलेल्या दह्यासारखे द्रवभर प्रकट होते. तळाशी बसते ते मागाहून. अवक्षेप विक्रियेने उत्पन्न होतो, साका केवळ खाली बसतो.

याहून गंभीर दोष ‘न विरघळणारा’ या विशेषणात आहे. ‘विरघळणे’ या क्रियापदास ‘कशात?’ या प्रश्नाचे उत्तर अपेक्षित असते. येथे ते अधिकरणच गळून पडल्याने सापेक्ष गुण निरपेक्ष भासू लागतो. वस्तुतः पहिल्या गटाचे पृथक्करण या अधिकरणावरच उभे आहे: लेड क्लोराइड ऊन पाण्यात विरघळते, सिल्व्हर क्लोराइड अमोनियाच्या विद्रावात, तर मर्क्युरस क्लोराइड अमोनियाने काळे पडते. वरील खुलासा पाठ केलेल्या विद्यार्थ्यास अमोनिया घालण्याचे प्रयोजन कसे उमगावे?

‘साका’ टाकून द्यावा, असे मात्र आमचे म्हणणे नाही. (संस्कृत संज्ञांचा दरारा आम्हांस वाटत नाही.) द्रव निवळल्यावर तळाशी जे उरते, त्यास तोच शब्द शोभतो. व्याख्येत मात्र ‘विक्रियेने उत्पन्न झालेला व त्या द्रवात न विरघळणारा घन पदार्थ’ असेच लिहिले पाहिजे.