मारबुर्गचें पंधरावें कलम

१५२९ च्या ऑक्टोबरांत मारबुर्ग येथें ल्यूथर व झ्विंग्ली यांची भेट होऊन जो लेख झाला, त्याविषयीं ‘चौदा कलमें मान्य, पंधरावें अमान्य’ असें लिहिण्याची वहिवाट पडली आहे. मूळ लेख तसें म्हणत नाहीं. भाकर व द्राक्षारस दोन्ही सर्वांस द्यावीं, हें रोमविरुद्ध मत पंधराव्यांतहि उभयसंमत आहे; भेद उरतो तो ख्रिस्ताचें शरीर त्यांत देहरूपानें आहे कीं नाहीं, एवढ्यापुरता. ‘हें माझें शरीर आहे’ यांतील ‘आहे’ ल्यूथर अभिधेनें घेतो, झ्विंग्ली लक्षणेनें. (आमच्या मीमांसकांस हा कलह परका वाटला नसता!) शिवाय परस्परांवर प्रेम राखावें, असें लिहून दहा पंडितांनीं सह्या केल्या. या प्रश्नावरील जुने निषेध परस्परांच्या आजच्या शिकवणीस लागू नाहींत, असें युरोपांतील उभय पंथांच्या अनेक मंडळ्यांनीं लॉयेनबेर्ग करारांत मान्य केलें, तें १९७३ सालीं.