सर डेव्हिड विलकॉक्स आणि किंग्ज कॉलेजचा स्वर

गवई मैफलींत रंगला तर स्वतः रंगतो, चुकला तर स्वतः चुकतो. समूहगानाच्या संचालकाचें तसें नाहीं. त्याला स्वतः एकही स्वर काढावयाचा नसतो. त्याचें यशापयश सर्वस्वी दुसऱ्यांच्या गळ्यांवर अवलंबून असतें. म्हणूनच त्याच्या कर्तृत्वाचें माप घेणें अवघड. जो नाद आपण ऐकतों त्यांत गाणारांचें किती आणि त्याचें किती, हा प्रश्न नेहमींच उरतो. इंग्लंडांतील सर डेव्हिड विलकॉक्स (१९१९–२०१५) यांच्याविषयीं हा प्रश्न मुद्दाम विचारण्याजोगा आहे; कारण इंग्रजी समूहगानाचा जो नाद विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जगभर ओळखीचा झाला, तो पुष्कळ अंशीं त्यांनीं घडविलेला होय.

त्यांचें चरित्र थोडक्यांत असें: जन्म कॉर्नवॉलमधील न्यूकी येथें. बालपणीं ते वेस्टमिन्स्टर ॲबीच्या गायकवृंदांत गात असत. १९३९ सालीं ऑर्गनची शिष्यवृत्ति मिळवून ते केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजांत गेले. पण युद्धामुळें अभ्यास खंडित झाला, आणि १९४४ सालीं नॉर्मंडींतील लढाईंत दाखविलेल्या शौर्याबद्दल त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला. पुढें सॉल्झबरी व वूस्टर येथील कॅथीड्रलांत ऑर्गनवादकाचें काम करून १९५७ सालीं ते किंग्ज कॉलेजांत संगीताचे प्रमुख म्हणून परतले व १९७४ पर्यंत तेथें राहिले. त्यानंतर दहा वर्षें ते लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्यूझिकचे प्रमुख होते. १९७७ सालीं त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

किंग्ज कॉलेजचा वृंद लहानच : सोळा मुलें व चौदा तरुण. मुलांचा आवाज वयांत येतांच फुटतो; तरुण पदवी घेऊन निघून जातात. म्हणजे दर चार-पांच वर्षांनीं सारे गळे बदलतात. असें असूनही विलकॉक्स यांच्या सतरा वर्षांतील कोणतीही ध्वनिमुद्रिका लावावी, नाद तोच! जें गाणारांबरोबर जात नाहीं तें संचालकाचें, असें म्हणण्यास यापेक्षां चांगला पुरावा कोणता हवा?

हा नाद त्यांनीं साधला कसा? त्यांचा कान फार तीक्ष्ण होता. स्वर केसभर उतरला तरी तो त्यांना खपत नसे. पण केवळ सुरांत असणें पुरेसें नव्हे. पाश्चात्य समूहगानांत सारे एकच चाल गात नाहींत. चार किंवा अधिक स्वरपंक्ति एकाच वेळीं चालतात आणि त्यांच्या मेळांतून अर्थ निर्माण होतो. एखादा गळा वेगळा उठून दिसला कीं हा मेळ बिघडतो. म्हणून प्रत्येकानें स्वर कांपवूं नये, प्रत्येक अकार-आकार एकाच मुखाकृतीनें उच्चारावा, व्यंजन साऱ्यांनीं एकाच क्षणीं सोडावें, हा त्यांचा दंडक. त्याला स्थळाचेंही कारण होतें. पंधराव्या-सोळाव्या शतकांत बांधलेल्या तेथील प्रार्थनामंदिराच्या उंच दगडी छताखालीं काढलेला स्वर कित्येक सेकंद घुमत राहतो. अशा ठिकाणीं थोडीशी ढिलाई झाली तर नुसता गोंगाट व्हावयाचा. विलकॉक्स यांनीं त्या वास्तूलाच वृंदाचें एक वाद्य केलें.

या नादावर आक्षेपही आहे, व तो क्षुल्लक नाहीं. शेजारच्याच सेंट जॉन्स कॉलेजांत जॉर्ज गेस्ट हे १९५१ ते १९९१ पर्यंत संगीताचे प्रमुख होते. त्यांच्या वृंदांतील मुलें मोकळ्या गळ्यानें, अधिक धारदार व उत्कट स्वरांत गात. तें ऐकल्यावर किंग्जचें गाणें कित्येकांना थंड, अतिसभ्य वाटतें. आलेग्रीच्या ‘मिझेरेरे’ची १९६३ ची प्रसिद्ध ध्वनिमुद्रिका ऐकावी. हें पश्चात्तापाचें स्तोत्र. पापी जीव क्षमेची याचना करीत आहे. त्यांत रॉय गुडमन या मुलाचा स्वर तारसप्तकांत इतका सहज व इतका निष्कलंक चढतो कीं, ऐकणारा मुग्ध होतो आणि याचना विसरतो. जेथें कलंकाचें दुःख गावयाचें तेथें कलंकाचा लेशही नसावा, ही माझ्या मतें या शैलीची खरी मर्यादा होय.

मात्र एवढ्यावरून विलकॉक्स यांना भावनाशून्य ठरविणें अन्यायाचें होईल. नित्याच्या उपासनेंतील स्तोत्रांत, जेथें गायकानें आपलें दुःख मिरवावयाचें नसतें, तेथें हाच संयम शोभून दिसतो. शब्द असे स्पष्ट व नैसर्गिक वेगानें येतात कीं, कोणी वाचून दाखवीत आहे असें वाटावें. शिवाय त्यांच्या कर्तृत्वाची दुसरी बाजू लंडनमध्यें आहे. १९६० ते १९९८ अशीं अडतीस वर्षें त्यांनीं तेथील बाख क्वायरचें नेतृत्व केलें. हा मोठा वृंद धंदेवाईक गवयांचा नव्हे. दिवसभर आपापलें काम करून सायंकाळीं तालमीला येणाऱ्या स्त्रीपुरुषांचा आहे. बाखचें ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ त्यांनीं या मंडळींकडून वर्षानुवर्षें इंग्रजींत गाऊन घेतलें. त्यांतील क्रुद्ध जमावाची आरोळी सभ्य स्वरांत गातांच येत नाहीं. ब्रिटननें १९६३ सालीं आपल्या ‘वॉर रिक्वीएम’चें ध्वनिमुद्रण केलें तेव्हांही हाच वृंद घेतला.

सामान्य गाणारांविषयींची हीच आस्था ‘कॅरल्स फॉर क्वायर्स’ या १९६१ च्या पुस्तकांत दिसते. रेजिनल्ड जॅक्स यांच्यासह त्यांनीं तें सिद्ध केलें. जनसमुदाय नाताळचें ओळखीचें गीत गात असतां वृंदांतील मुलांनीं त्यावर एक निराळी, उंच स्वरपंक्ति घालावी, अशी त्यांनीं कांहीं गीतांची रचना केली, व ती खेड्यांतील चर्चपर्यंत पोहोंचली. थोड्या तालमींत साधेल आणि तरी ऐकणाराचें अंतःकरण उचंबळेल, असें लिहिणें सोपें नाहीं. त्याचा एक दुष्परिणामही झाला : जो तो वृंद किंग्जसारखा होऊं पाहूं लागला. पण अनुकरणाचा दोष मूळ पुरुषाच्या माथीं मारणें बरोबर नव्हे.

विलकॉक्स यांनीं इंग्रजी समूहगानाला शुद्धतेची संवय लावली. त्यांच्यानंतरच्यांना ती आयती मिळाली, म्हणूनच तिच्यापलीकडे जाण्याची भाषा त्यांना बोलतां येते. ‘मिझेरेरे’मध्यें जें उणें वाटतें तें शोधावयास पुढच्यांनीं अवश्य निघावें, परंतु निघण्यापूर्वी सारे गळे एका सुरांत आहेत कीं नाहींत, हें विलकॉक्स यांच्या कानानें एकदां ऐकून घ्यावें.