अवतरण कोठे संपते?

‘गोविंदा आज देवळ्याला जातो असे म्हणाला.’ या वाक्यात ‘आज’ कोणाचा? गोविंदा आज जाणार आहे, की आज तसे म्हणाला आहे? त्याचे बोलणे कोठे संपले हे ‘असे’ या शब्दावरून कळते. ते कोठे सुरू झाले हे मात्र आपण संदर्भावरून ताडतो. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांच्या प्रयत्नांनी विरामचिन्हे मराठीत रुळली आणि अवतरणाची दोन्ही टोके कागदावर दिसू लागली. माणसाचे चिन्हांवाचून फारसे अडत नाही, कारण तो अंदाज बांधतो. यंत्राने असा अंदाज बांधावा का, हा या लेखाचा प्रश्न आहे.

ब्राउझर आणि वेब सर्व्हर यांच्यातील संभाषणाच्या नियमांना एचटीटीपी म्हणतात. पान मागताना वा पाठवताना मुख्य मजकुराआधी माहितीच्या काही ओळी जातात, त्या म्हणजे हेडर. एकाच हेडरमध्ये अनेक बाबी असतील तर पुष्कळदा त्या अर्धविरामाने वेगळ्या केलेल्या असतात. नियम समजण्यापुरती ही ओळ फळ्यावर लिहू (खऱ्या हेडरमध्ये देवनागरी अशी थेट लिहीत नाहीत) :

गावे="लोहोणेर; मेशी"; तालुका=देवळा

दिसेल त्या अर्धविरामापाशी ओळ तोडली तर तीन तुकडे होतात आणि दोन गावांची ताटातूट होते. खरे उत्तर दोन तुकडे हे आहे. त्यासाठी डावीकडून एकेक अक्षर वाचत ‘आपण अवतरणाच्या आत आहोत की बाहेर’ हे सतत लक्षात ठेवावे लागते. मूल्यातच अवतरणचिन्ह हवे असेल तर त्याच्याआधी उलटी तिरकी रेघ, म्हणजे बॅकस्लॅश लिहितात. वाचणाऱ्याने ती रेघ गाळून पुढचे अक्षर जसेच्या तसे घ्यायचे असते. इंटरनेटचे नियम ‘आरएफसी’ नावाच्या क्रमांकित दस्तऐवजांत प्रसिद्ध होतात. त्यांपैकी २०२२ च्या आरएफसी ९११० मध्ये हा नियम आहे.

इथवर सारे स्वच्छ आहे. पण अवतरण उघडले आणि बंदच केले नाही तर? त्या दस्तऐवजात बरोबर ओळ कशी असते हे काटेकोरपणे दिले आहे. चुकलेल्या ओळीचे काय करावे हे मात्र, थेट सुरक्षिततेचा प्रश्न नसेल तर, बहुतांशी वाचणाऱ्यावर सोडले आहे. आमचा आक्षेप येथेच आहे. या मोकळिकीमागे जुना विचार आहे. जॉन पोस्टेल यांनी १९८० मध्ये इंटरनेटच्या एका नियमावलीत सल्ला दिला होता, की पाठवताना काटेकोर राहा, स्वीकारताना उदार. इंटरनेट झपाट्याने पसरले त्यात या उदारपणाचा वाटा मोठा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु उदारपणा प्रत्येकाचा वेगळा असतो, आणि एकच ओळ दोघांनी दोन प्रकारे वाचली की धोका सुरू होतो.

कुकीचे उदाहरण घेऊ. सर्व्हरने ब्राउझरकडे ठेवायला दिलेली आणि ब्राउझर दर वेळी परत पाठवतो ती छोटी नोंद म्हणजे कुकी. १९९७ च्या नियमांप्रमाणे अवतरणातला अर्धविराम हा कुकीच्या मूल्याचाच भाग होता. २०११ च्या नियमांनी तेथे अर्धविरामाला जागाच ठेवली नाही. ‘जेटी’ या सर्व्हर सॉफ्टवेअरमधला एक दोष २०२३ मध्ये जाहीर झाला. मूल्याच्या आरंभी अवतरणचिन्ह दिसले, की ते सॉफ्टवेअर बंद होणारे चिन्ह सापडेपर्यंत वाचतच जाई, मध्ये अर्धविराम आले तरीही. त्यामुळे तीन वेगळ्या कुक्यांची एकच कुकी होई. मधली कुकी जर प्रवेशाची गुप्त खूण असेल आणि पहिलीचे मूल्य पानावर छापले जात असेल, तर गुप्त खूण उघड्यावर येण्याची वाट मोकळी होते. वाटेत तपासणी करणारा दुसरा प्रोग्रॅम असेल, तर त्याला तीन कुक्या दिसतात आणि सर्व्हरला एक. पहारेकऱ्याने एक चिठ्ठी वाचली आणि घरमालकाने दुसरीच, असा हा प्रकार.

वाचण्याची पद्धतही महत्त्वाची असते. पायथन भाषेच्या कुकी वाचणाऱ्या भागात २०२४ मध्ये असे आढळले, की मूल्यात बॅकस्लॅश भरपूर असतील तर लागणारा वेळ लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ओळ दहापट लांब केली की काम शंभरपट. एक लबाड ओळ सर्व्हरला दमवू शकते.

मग सर्व्हरने काय करावे? आमच्या मते चार गोष्टी. ओळ एकदाच, डावीकडून उजवीकडे वाचावी. लांबीला मर्यादा घालावी. ज्या हेडरचा जो नियम असेल तोच लावावा. अवतरण बंद झाले नसेल तर अंदाज न बांधता ते मूल्य नाकारावे. हे अशक्य नाही. २०२१ च्या आरएफसी ८९४१ ने नव्या हेडरांसाठी वाचण्याची कृती पायरीपायरीने दिली आणि कोठेही चूक आढळली तर अख्खे हेडर सोडून द्यावे असे सांगितले. २०२४ च्या सुधारित आवृत्तीत इतर लिप्यांसाठीही सोय झाली. तीत ‘देवळा’ हा शब्द पाठवायला ४५ चिन्हे लागतात. संगणकाच्या लेखी त्यात मात्रा आणि काना धरून पाच घटक, प्रत्येकाचे तीन बाइट आणि प्रत्येक बाइटला तीन चिन्हे. लांबलचक खरे, पण संदिग्ध नाही.

जुनी हेडरे मात्र जुन्याच नियमांनी चालू आहेत, आणि काटेकोरपणा आणला तर काही जुन्या सेवा बंद पडतील हा आक्षेप खरा आहे. तरीही चूक लगेच दिसली तर ती लिहिणाऱ्याकडून दुरुस्त होते. चालवून घेतली तर तिचीच रूढी होते आणि पुढच्या प्रत्येकाला ती पाळावी लागते.

वर्गात हे करून पाहता येईल. वरच्या ओळीतले दुसरे अवतरणचिन्ह पुसा. एका गटाला अर्धविरामापाशी तोडायला सांगा, दुसऱ्याला अवतरण बंद होईपर्यंत वाचायला. दोन्ही गटांची उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि विचारा : यांतले कोणते उत्तर ओळ लिहिणाऱ्याच्या मनात होते? ते ठरवता येत नाही, हेच या प्रयोगाचे उत्तर.