दप्तराने राखलेली माणसे

दप्तरात ज्याचे आयुष्य गेले त्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही. सरकारी नोंदवही स्मरणासाठी ठेवलेली नसते. ती अंमल चालविण्यासाठी ठेवलेली असते. परंतु अंमल संपतो, अंमलदार जातात, आणि वही मागे उरते. मग ज्यांना पुसून टाकण्यासाठी ती उघडली होती, त्यांचा इतिहास शोधू जाणाऱ्यास तिच्याच दारात उभे राहावे लागते. जेसिका हिंची यांचा 'गव्हर्निंग जेंडर अँड सेक्शुॲलिटी इन कलोनिअल इंडिया' हा 2019 साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ वाचताना हा विचार पदोपदी मनात येत राहिला.

ग्रंथाचा विषय एकोणिसाव्या शतकातील हिजडा समाज, आणि रंगभूमी मुख्यतः त्या वेळचा वायव्य प्रांत. आपल्यापैकी कित्येकांच्या बदल्या ज्या जिल्ह्यांत झाल्या, तेच हे जिल्हे. आरंभ एका खुनाने होतो. 1852 साली मैनपुरी जिल्ह्यात भूरा नावाच्या हिजड्याचा खून झाला. दोन शिष्य आणि एक प्रियकर यांच्यासह तिचे बिऱ्हाड होते. जन्म-विवाहाच्या प्रसंगी नाचून-गाऊन ती बिदागी मिळवी. पुढे तिने त्या प्रियकरास सोडले, आणि त्यानेच तिला मारले, असा न्यायाधीशांचा निर्णय झाला. येथवर ही एका दुर्दैवी जीवाची हकीकत. परंतु मारणाऱ्यापेक्षा मेलेलीच्या समाजाविषयी अधिकाऱ्यांच्या मनात अधिक शंका उत्पन्न झाली, आणि त्या शंकेची परिणती अखेर कायद्यात झाली.

तो कायदा म्हणजे 1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा. त्याचा पहिला भाग पुष्कळांना ठाऊक असतो. दुसरा भाग हिजड्यांसाठी होता, हे फारसे कोणी सांगत नाही. मुले पळविणे, त्यांचे खच्चीकरण करणे किंवा दंडसंहितेच्या 377 व्या कलमाखालील गुन्हा करणे, यांचा ज्यांच्यावर संशय असेल त्यांची नावे आणि राहण्याची ठिकाणे नोंदवावयाची, मालमत्तेचीही माहिती घ्यावयाची. नोंद झालेल्याने रस्त्यात स्त्रीवेष केला अथवा मोबदल्यासाठी नाचगाणे केले, तर दोन वर्षांपर्यंत कैद. सोळा वर्षांखालील मुलगा जवळ ठेवण्यास मनाई. मृत्युपत्र करणे, दत्तक घेणे, हेही बंद. गुरूकडून शिष्याकडे चालणारी परंपराच जेथे कुटुंब असते, तेथे या मनाईचा अर्थ काय होतो हे उघड आहे. समाज हळूहळू नाहीसा व्हावा हाच हेतू होता, असे हिंचीबाई अधिकाऱ्यांच्याच पत्रव्यवहारावरून दाखवितात.

त्यांच्या ग्रंथाचे खरे मोल मात्र याच्या पुढे आहे. त्या या कागदांवर विश्वास ठेवीत नाहीत आणि त्यांना टाकूनही देत नाहीत. नोंद झालेली माणसे पोलिसांच्या हद्दी ओलांडून जात, दृष्टीआड नाचगाणे चालू ठेवीत. अधिकाऱ्याची तक्रार ही या माणसांच्या टिकून राहण्याची साक्ष ठरते. प्रस्तुत लेखकाने नोकरीत संशयितांच्या याद्यांवर अनेकदा सह्या केल्या आहेत. त्यांतील एकही चेहरा आज आठवत नाही. त्यामुळे ही प्रकरणे वाचताना स्वस्थ बसवले नाही, हे प्रांजळपणे सांगावेसे वाटते.

दोष नाहीत असे नाही. लेखनावर परिभाषेचे ओझे आहे, आणि भूरेनंतर तिच्याइतके सजीव माणूस क्वचितच भेटते. पण हा दोष लेखिकेचा किती आणि दप्तराचा किती, हे ठरविणे कठीण आहे.

आपल्या मुलखापुरते पाहावयाचे तर लॉरेन्स प्रेस्टन यांचा 1987 सालचा 'अ राइट टु एग्झिस्ट' हा निबंध शोधून वाचण्याजोगा आहे. मराठी अमलात हिजड्यांना गावोगाव भिक्षेचा हक्क आणि काही ठिकाणी जमीनही राज्याने मान्य केली होती. मुंबई इलाख्यातील इंग्रजी कारभाराने ती मान्यता काढून घेतली. या नोंदी हक्काच्या आहेत, संशयाच्या नव्हेत. एवढ्यानेच माणसे किती निराळी दिसू लागतात!

आता नोंदविला गेलेला स्वतः बोलू लागला म्हणजे काय होते? 2012 साली निघालेले लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे 'मी हिजडा, मी लक्ष्मी' हे आत्मकथन मराठीत आहे. शब्दांकन वैशाली रोडे यांचे. आपण मराठी माणसे उत्तरेत येऊन राहिलो, तसे त्रिपाठींचे घराणे उत्तर प्रदेशातून ठाण्यास येऊन राहिले, आणि त्या घरातील या व्यक्तीने आपली कहाणी मराठीत सांगितली, हा योग आम्हांस मनोज्ञ वाटला. कथनाचा वेग बोलण्याचा आहे, आणि नोंदवहीत जे कधीच येत नाही ते, म्हणजे नृत्याची ओढ, घरच्यांचे प्रेम, लाज, राग आणि हौस, येथे आहे. तथापि लक्ष्मी येथे इतकी जागा व्यापतात की त्यांच्या गुरुघराण्यातील इतर माणसे कडेला उभी राहतात. शब्दांकन असल्याने बोलणारी कोठे थांबते आणि लिहिणारी कोठे सुरू होते, हाही प्रश्न उरतो. टीकाकारांनी हे पुस्तक बहुधा दुःखाची कहाणी म्हणून वाचले. साधन म्हणून त्याची छाननी होणे अगत्याचे आहे.

कारण या दोन्ही तऱ्हांच्या कागदांची गाठ एकदा प्रत्यक्ष पडली आहे. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींचे हक्क मान्य केले. त्या निकालपत्रात 1871 च्या कायद्याचा इतिहास आहे, आणि दाव्यात सामील झालेल्या लक्ष्मी यांनी सांगितलेले स्वतःचे अनुभवही आहेत. ज्या लेखाने तोंड बंद केले तो, आणि तोंडाने सांगितलेला अनुभव, एकाच निकालात पुरावा म्हणून शेजारी बसले.

ज्यांना रजेत सवड मिळेल त्यांनी प्रथम मराठी पुस्तक हाती घ्यावे आणि मग हिंचीबाईंकडे वळावे. उलट क्रमाने वाचल्यास लक्ष्मीही आपणांस एक नोंदच वाटू लागण्याचा धोका आहे. आणि हिंचीबाईंच्या ग्रंथात खुनाचे प्रकरण संपले म्हणून थांबू नये. नोंदणीची प्रकरणे रुक्ष आहेत; पण ती आपल्याच भाषेत, म्हणजे दप्तराच्या भाषेत, लिहिलेल्या कागदांवर उभी आहेत.