गर्दीची कारागृहे आणि संसर्गजन्य रोगनियंत्रण : एक चिकित्सा

प्रस्तावना :
कारागृहातील रोगराई हा केवळ वैद्यकीय प्रश्न नसून तो जागेचा व न्यायाचा प्रश्न आहे. १८९४ च्या कारागृह अधिनियमातील कलम ७ मध्ये क्षमतेपेक्षा अधिक कैदी आणि साथीचा उद्रेक या दोन्ही प्रसंगी तात्पुरत्या निवाऱ्याची तरतूद एकत्रच केलेली आढळते. तथापि हा संबंध प्रशासनाने साथ आल्यावरच ओळखला.

विवेचन :
२३ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक राज्यात उच्चाधिकार समिती नेमण्याचे निर्देश दिले. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाची अधिकृत क्षमता ८०४ असताना तेथे तिपटीहून अधिक कैदी होते. बाहेरील ये-जा बंद केल्यानंतरही मे २०२० मध्ये तेथे मोठा उद्रेक झाला. त्यानंतर महाराष्ट्रातील सुमारे ३५,००० कैद्यांपैकी जवळपास निम्मे तात्पुरते सोडण्याचा निर्णय समितीने घेतला. त्याच वर्षी सातारा व सांगली येथील जिल्हा कारागृहांतही कोरोनाबाधित कैदी आढळले.

सदर निर्णय स्वागतार्ह असला, तरी त्याचा निकष सदोष होता. कैद्याचे वय वा आजार यांपेक्षा शिक्षेची मुदत व गुन्ह्याचा कायदा यांना प्राधान्य मिळाले. विशेष कायद्यांखालील कैदी वगळले गेले. विषाणू मात्र कलम पाहून संसर्ग करीत नाही. शिवाय जेथे झोपण्यासच जागा अपुरी, तेथे विलगीकरण नाममात्र ठरते. क्षयरोगाबाबतही हेच सत्य आहे. हवा न खेळणाऱ्या बराकीत एका रुग्णाचा खोकला सर्वांपर्यंत पोहोचतो, आणि सुटलेला कैदी व घरी परतणारा रक्षक तो गावापर्यंत नेतो.

२४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तात्पुरत्या सुटकेवरील कैद्यांना पंधरा दिवसांत परतण्याचा आदेश दिला. सुटका तात्पुरती होती, म्हणून परतणे न्याय्यच. परंतु ते ज्या बराकीत परतले, त्या बराकींची रुंदी वाढली नव्हती. साथ ओसरली आणि तिचा धडाही ओसरला.

निष्कर्ष :
देशातील सुमारे तीन-चतुर्थांश कैदी न्यायाधीन, म्हणजे दोष सिद्ध न झालेले आहेत. म्हणून जामीन हाच रोगप्रतिबंधाचा पहिला उपाय होय. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार प्रथमच आरोपी झालेल्या पात्र कैद्यास कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळानंतर मुक्तता मिळू शकते. तिची काटेकोर अंमलबजावणी, प्रवेशसमयी क्षयतपासणी आणि जिल्हास्तरीय न्यायाधीन कैदी आढावा समितीत जिल्हा शल्यचिकित्सकांचा सहभाग आवश्यक आहे. सामान्य नागरिक गर्दी टाळू शकतो. कैद्याला ती मुभा नाही. त्याचे अंतर राखण्याचे दायित्व शासनाचेच आहे.